चौकड्यांच्या गालिच्यावरची झोप

तुमच्या घरात जमिनीवर कोण बसतं?

लगेच उत्तर देऊ नका, आधी घरातून एक फेरी मारून या. आमच्या दुकानात गालिचा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारणारा एक माणूस होता. लोक त्याला लगेच उत्तर द्यायचे आणि म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचं द्यायचे.

दुकान शहापूरजवळ, नाशिक हायवेला. इथल्या डोंगरपायथ्याशी फार्महाऊसं उगवायला लागली तेव्हा आमच्या शेठने आधी त्यांना टाइल्स विकल्या आणि नंतर त्या टाइल्स झाकायला गालिचे आणले. तिबेटी गालिचे, भौमितिक नक्षीचे. काही जुने, काही नेपाळात तिबेटी कारागिरांनी विणलेले नवे. मी नुकतीच बी.ए. झाले होते. माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. प्रत्येक गालिच्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर माप, लोकर, वय आणि दोन ओळी वर्णन.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले तीच वडिलांच्या मोर्च्याच्या पत्रकांवर. त्यामुळे माझ्या चिठ्ठ्याही तशाच उतरायच्या. पहिल्याच गालिच्यावर मी लिहिलं होतं की याच्या गाठीगाठीत एका बाईचं आयुष्य अडकलेलं आहे. काकांनी ती चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली.

"काय गो क्रांतिकारी," ते म्हणाले, "बाईचं आयुष्य राहू दे. आधी लांबी-रुंदी लिही."

दुकानात सगळेच त्यांना काका म्हणत. ते वाशिंदचे. कापड कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर मुंबईत एका बड्या गालिच्याच्या दुकानात त्यांनी उरलेली नोकरी काढली आणि मग आमच्या शेठकडे आले. साठी उलटलेली, डोक्याचे केस काळेभोर रंगवलेले, मिशी मात्र पांढरीशुभ्र. मिशी रंगवली की माणूस खोटा दिसतो, असं त्यांचं मत होतं. पांढरी पँट, कानात अत्तराचा फाया. आणि खोटं ते बोलायचेच. "हा मी माझ्या घरी न्यायला बाजूला ठेवला होता," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या गालिच्यांबद्दल ऐकलंय की ते सगळे नेले असते तर वाशिंदच्या त्यांच्या खोलीत दार उघडायला जागा उरली नसती.

पण त्या एका प्रश्नाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत. गिऱ्हाईक आलं की चपला काढायचे, गालिच्याचा कोपरा उलटा करून पाठ दाखवायचे आणि विचारायचे, "घरात जमिनीवर कोण बसतं?" मिळालेल्या उत्तरावर पुढचं सगळं ठरायचं. एका जोडप्याला जुनाच हवा होता, पण त्यांचं मूल रांगतं आहे असं कळल्यावर काकांनी जुने गालिचे गुंडाळूनच टाकले. जुन्यात किती घरांची धूळ असते ते देवाला ठाऊक, म्हणाले, आणि जाड लोकरीचा नवा काढून दिला. एका निवृत्त बँकवाल्यांची फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची होती आणि त्यांना चौकड्यांचाच गालिचा आवडला होता. काका म्हणाले, "घ्या. पण पाहुणा चक्कर येऊन पडला तर मला बोलवू नका." प्रत्येकाला ते सांगत, घरी जा, हव्या त्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर अंथरा, दोन दिवस तशीच राहू द्या आणि मग या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कुणाला रंग पसंत करू देत नसत. गालिचा ओढत दारात उन्हात न्यायचे. शेठला हे सगळं आवडायचं नाही. माल घ्यायला आलेल्या माणसाला वर्तमानपत्रं अंथरायला घरी पाठवणारा सेल्समन कुठल्या शेठला आवडेल?

एकदा एक बिल्डर आला. जमिनीवर आमच्याकडे कुणीच बसत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. सोफ्याला मॅच होणारं अँटिक हवं होतं. काकांनी त्याला दुकानातला सगळ्यात साधा नवा गालिचा दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "त्याला गालिचा नको होता गो. खाली रंग हवा होता."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. धंद्यात मुरलेला, थोडा नाटकी, आणि एका कोपऱ्यात अजिबात न विकला गेलेला.

आता त्या गालिच्याबद्दल सांगते.

तीन फूट रुंद, सहा फूट लांब. निळीचा निळा आणि न रंगवलेल्या लोकरीचा मातकट पांढरा, एकाआड एक चौकडे. मधोमध चौकडे फिकटलेले आणि लोकर दबलेली, एका बाजूला जास्त. मला वाटलं, माल खराब आहे. काका शेजारी उकिडवे बसले आणि त्या फिकट जागेवरून हात फिरवत गेले.

"खराब नाय. कुशीवर झोपायचा माणूस. हा बघ खांदा, ही कंबर."

तिकडच्या थंड मुलखात असे गालिचे बैठकीच्या शोभेसाठी विणत नसत, हे मला तेव्हा कळलं. ते अंथरूण होतं, एका माणसाचं. आपल्याकडे मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून घोंगडी आणतात तसं. मी चिठ्ठीवर तेच लिहिलं, अंथरूण. शेठने ती फाडली. अंथरूण म्हटल्यावर घेणार कोण, 'स्लीपिंग रग, अँटिक' लिही म्हणाला.

तो गालिचा एका मॅडमनी घेतला. राहणार मुंबईत, फार्महाऊस धसईच्या पुढे. बोलायला गोड होत्या, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही मनात कुणी खाष्ट बाई उभी कराल आणि सुटाल. मधला भाग फिकट का, असं त्यांनी विचारलं. कुणीतरी यावर जन्मभर झोपलंय, काका म्हणाले. मॅडमनी त्या जागेवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "किती ब्यूटिफुल." मग काकांनी आपला प्रश्न विचारला. मॅडम हसल्या. जमिनीवर कोण बसणार? हां, एक मावशी बसते, आमची केअरटेकर.

"मग हा तिच्यासाठीच आहे," काका म्हणाले.

मॅडम हसल्या, शेठ हसला. काका हसले नाहीत. त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाने उत्तर दिलं होतं आणि गालिचा ठरला होता. चूक म्हणायचीच तर ती एवढीच.

गालिचा अंथरायला काका टेम्पोबरोबर गेले. फोटो काढायला मीही गेले होते. काचेच्या भिंतीचा हॉल, समोर सगळा डोंगर. मॅडम बाहेर फोनवर बोलत होत्या. ती केअरटेकर बाई हॉलच्या उंबऱ्याशी अनवाणी उभी होती. धसईच्या वरच्या वाडीवरची, नवरा गेलेला, मागच्या स्टोअररूममध्ये राहणारी. काकांनी तिला आत बोलावलं. ती आली, पण गालिच्यावर पाय ठेवेना.

"हा काय हाय काका? चादर?"

"अंथरूण आहे. यावर झोपायचं असतं. थंडी लागत नाही."

तिने खाली वाकून तो दाबून पाहिला, भाकरीचं पीठ दाबून पाहावं तसा. "बरा हाय," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

माळशेजच्या खालची थंडी तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. ते घर सोमवार ते शुक्रवार रिकामं असायचं. स्टोअररूममध्ये खाली नुसती फरशी. हॉलमध्ये एका माणसाच्या मापाचं, लोकरीचं अंथरूण. आणि छताला कॅमेरा, ज्यातलं मॅडमना मुंबईत मोबाइलवर दिसायचं.

मॅडम दुकानात आल्या तेव्हा गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. त्या ओरडल्या नाहीत. डाग वगैरे नाहीये, म्हणाल्या, पण आता मला त्यावर बसवत नाही. शेठने लगेच बदलून द्यायचं कबूल केलं आणि काकांना हाक मारली. आणि मॅडमना म्हणाला, काळजी नको, केमिकल वॉश देतो, नव्यासारखा होईल.

काकांनी प्लास्टिक सोडलं, गालिचा जमिनीवर पसरला आणि त्या फिकट जागेशी उभे राहिले.

"मॅडम, यावर कुणीतरी जन्मभर झोपलंय हे ऐकून तुम्ही हा घेतलात. त्या माणसाची झोप तुम्हाला सुंदर वाटली. तुमची मावशी झोपली तर घाण झाला?"

"काका, आत जा," शेठ म्हणाला.

माझ्या घरात आलेल्या सगळ्या पत्रकांत इतकं सरळ वाक्य मी वाचलेलं नाही. लांबच्या गरिबाचा घाम शंभर वर्षांनी शोभा होतो, जवळच्या गरिबाचा त्याच रात्री डाग होतो. मला वाटलं, आता काका चपला घालून बाहेर पडणार. मी तशी मनातून तयारच होते, त्यांच्या मागोमाग निघायला.

पण काकांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी आहे. झोप म्हणून मीच तिला सांगितलं. वाटलं तर शेठना सांगून माझी नोकरी घ्या. तिला तेवढं काढू नका. तिला दुसरी राहायची जागा नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. "बघते," म्हणाल्या. आणि करड्या त्रिकोणांचा एक नवा गालिचा निवडून गेल्या.

त्या 'बघते'वर काका चार दिवस तरले. मग धसईचा एक भाजीवाला दुकानावरून जात होता त्याच्याकडून कळलं की बाईचं बोचकं मॅडमनी दुकानात येण्याआधीच, त्याच सकाळी, फाटकाबाहेर ठेवलं होतं. काकांनी हात जोडले तेव्हा जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी वाडीवर जाऊन तिला भेटले. भावाच्या पडवीत राहत होती. भावजय तिच्याशी बोलत नव्हती, तिचं ताट वेगळं ठेवत होती. मी फार मोठं काहीतरी बोलायला गेले होते, तक्रार, अर्ज, कामगार म्हणून हक्क. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "मी काय चोरी केली नाय गो. थंडी व्हती, झोपले. पण झोप लागली बग. लई वर्सांनी अशी लागली."

हे मी काकांना सांगायला नको होतं असं मला वाटत नाही. सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न कुणाला विचारला नाही. गिऱ्हाईक यायचं, काका कोपरा उलटवायचे, पाठ दाखवायचे आणि रंग सांगायचे. शेठ खूश होता.

गालिचा धुऊन आला आणि भिंतीला टांगला गेला. पावसाळ्याआधी एक जोडपं आलं. मुरबाडला नवीन बंगला बांधलेला. त्यांना चौकडे आवडले. हा मधे झिजलेला का, असं त्यांनी विचारलं. शेठने काकांकडे बघितलं. त्याला ते जुनं वाक्य हवं होतं, जन्मभर झोपलेल्या माणसाचं. विकणारं वाक्य.

काकांनी गालिचा उतरवला. दुकानाच्या पुढच्या काचेशी, जिथून सगळा हायवे आत बघतो, तिथे अंथरला. चपला काढल्या, ओळीने ठेवल्या. आणि पांढऱ्या पँटसकट त्यावर कुशीवर आडवे झाले, खांदा फिकट जागेत, कंबर फिकट जागेत, हात डोक्याखाली.

"काका, हे काय?" शेठ म्हणाला. "उठा आधी."

"दाखवतोय," काका डोळे मिटून म्हणाले. "याचा वापर कसा करायचा ते गिऱ्हाइकाला दाखवतोय."

बाहेर एक कंटेनर थांबला होता. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून पाहत राहिला आणि मग त्याने हॉर्न दिला, का ते मला कळलं नाही. जोडपं आधी हसलं, मग घड्याळ बघून निघून गेलं. काका बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा गालिच्याची घडी न करता, एकेक चप्पल पायात सरकवून, दारातून बाहेर गेले. पुन्हा आले नाहीत.

मी नंतर वाशिंदला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलीकडे गेले, कुठे ते ठाऊक नाही. खिडकीतून आतली जमीन दिसत होती. तिच्यावर एक चटई होती, एका माणसाची. घरी न्यायला बाजूला ठेवलेला एकही गालिचा नव्हता.

चौकड्यांचा तो गालिचा शेवटी विकला गेला, आता कुठल्यातरी भिंतीवर आहे. त्याची नवी चिठ्ठी लिहायच्या आधी मी ती नोकरी सोडली.

जुना घ्यावा की नवा, चौकडे की त्रिकोण, हे तुम्ही ठरवा. पाठ बघा, उन्हात बघा, वर्तमानपत्रं अंथरून बघा, काकांनी शिकवलेलं सगळं करा. पण त्याआधी एक करा. उद्या सकाळी तुमच्याकडे काम करणारी बाई चहाचा कप घेऊन ज्या कोपऱ्यात टेकते, तिथे घरातली सगळ्यात चांगली सतरंजी नेऊन अंथरा. जुनी नको, फाटकी नको, पाहुण्यांसाठी ठेवलेली. आणि ती बसेपर्यंत तुम्ही खुर्चीवर बसू नका.