उसवेकाकांनी उघडलेला कॉम्प्युटर

उसवेकाकांचं खरं आडनाव काय, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा नव्याने मढवून द्यायचा त्यांचा धंदा. जुनं कापड उसवायचं, आतलं सडलेलं काढायचं, नवं भरायचं आणि वरून अशी शिवण घालायची की बघणाऱ्याला टाका दिसू नये. हात सोन्याचा. पण उसवायची सवय दुकानात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. नवी उशी आणली की तिची कड उसवून आत बोट घालायचे. साबणाची वडी मधोमध कापून रंग आतपर्यंत गेलाय का ते बघायचे. लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी बसायला दिलेली खुर्ची उलटी करून तिची खालची बाजू पाहिली होती. खालची शिवण सरळ निघाली. मग होकार दिला. काकू हे सगळ्यांना हसून सांगायच्या, पण शेवटी एक वाक्य जोडायच्या. "शिवण वाकडी असती तर मी सुटले असते."

त्यांना दोष तरी कसा द्यावा? देवाने माणसाला डोळे दिले ते वरवरचं बघायला. आतलं बघायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं. काकांचा धंदाच असा की त्यांना रोज आतलं बघावं लागे. एकदा मोठ्या शोरूममधून आलेला मखमली सोफा त्यांच्याकडे दुरुस्तीला आला होता. कापड असं की गाल टेकवावा. पोटात मात्र ओल्या चिंध्या, भुसा आणि तुटक्या चपलेचा एक पट्टा. तो पट्टा काकांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता. कुणी विश्वासाच्या गोष्टी सांगायला लागलं की काही न बोलता ते नुसतं त्याच्याकडे बोट दाखवायचे.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीला, चिमीला, तयार जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. तोही गेम खेळायला.

चिमी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. पगार बेताचा, पण त्यातूनही ती गेली दोन वर्षं बाजूला टाकत आली होती. तिच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ निम्म्यात गोठून जायचा आणि ज्या मंडळींबरोबर ती खेळायची ती आता तिला वगळून टाकायच्या बेतात होती. काकांनी तिला बसवून विचारलं, खेळायला म्हणजे नक्की कशाला. चिमी म्हणाली, खेळायलाच. अभ्यास, नोकरी, काही शिकणं, असं कोणतंही निमित्त तिने पुढे केलं नाही. त्यामुळे काकांचा संशय अधिकच वाढला. इतकं खरं कुणी उगाच बोलत नाही, असं त्यांनी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "खोटं बोलली असती तर काय केलं असतंत?" काका उठले. ते अंगणात जाऊन सुया धारेला लावत बसले.

शेवटी ठरलं की कमी पडतील तेवढे पैसे काका घालतील, पण दुकानात बरोबर येतील. चिमीने मान डोलावली, पण घरून निघताना वाटेत थांबून म्हणाली, "बाबा, एक कबूल करा. घरी आल्यावर मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझं दप्तर तुम्ही उसवलंत, माझी पहिली पर्स उसवलीत, नोकरीच्या पत्रावरचा शिक्का ओल्या बोटाने घासून पाहिलात. ही एक वस्तू मला न उसवलेली हवी."

काका म्हणाले, बरं. चिमीने परत विचारलं. काकांनी परत बरं म्हटलं, या खेपेला जरा हळू.

पहिलं दुकान काचेचं. कॉम्प्युटरही काचेचे, आत निळे-जांभळे दिवे फिरतायत. विकणारा मुलगा तोंड भरून बोलत होता. काका वाकून दिवे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आत विजेचा डबा कोणत्या कंपनीचा आहे? हा प्रश्न चिमीने वाटेत त्यांना शिकवला होता. स्वस्तातल्या तयार कॉम्प्युटरात कंपन्या नेमका तिथे हात मारतात, आणि तोच डबा उडाला तर बाकीचं घेऊन जातो. मुलगा म्हणाला, चांगल्या कंपनीचा असतो. काकांनी विचारलं, म्हणजे कोणत्या? मुलगा म्हणाला, स्टँडर्ड. काका लेकीकडे वळून म्हणाले, चल. जिन्यावर म्हणाले, "पोटात माल असता तर एवढी रोषणाई कशाला लागली असती?"

दुसरं दुकान वह्या-पेनांच्या दुकानावरच्या माळ्यावर. तिथे एक पोक्त बाई एकट्याच सगळं बघायच्या. गळ्यात दोऱ्याला बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर. समोर साधा, काळ्या पत्र्याचा कॉम्प्युटर. काच नाही, दिवे नाहीत. बाईंनी सांगितलं, "पैसे दिव्यात घालायचे की खेळाचं चित्र पळवणाऱ्या कार्डात, ते तुम्ही ठरवा. याच्यात कार्डात घातलेत. मेमरी मात्र कमीच आहे, पुढे पैसे जमले की वाढवून घ्या. आवाजही थोडा करतो." विजेच्या डब्याची कंपनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आठवत नाही. बघून सांगते." आणि पत्रा काढून त्यांनी मांडलेल्या कॉम्प्युटरचं सगळं पोट दाखवलं. चिमी खाली वाकून एकेक भागावरचं नाव वाचत होती आणि तिचा चेहरा उजळत होता.

काकांचा चेहरा काही उजळेना. जो आपल्या मालाचे दोष आपणहून सांगतो त्याला त्याहून मोठं काहीतरी लपवायचं असतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. तरी त्यांनी पैसे दिले. तेव्हा बाई म्हणाल्या, हा मांडायचा नग आहे, तुम्हाला कंपनीचा बंद बॉक्स गोदामातून उद्या घरी पोचता करते. अगदी असाच.

अगदी असाच. हे दोन शब्द काकांना रात्रभर डोळा लागू देईनात. दाखवायचा एक आणि द्यायचा दुसरा; मखमलीवाल्यांनी तरी वेगळं काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी बॉक्स आला तेव्हा चिमी कामावर होती. फोनवर तिने पुन्हा सांगितलं, बाबा, बॉक्स तसाच. काका हो म्हणाले. काकू देवळात गेल्या. घरात काका आणि बॉक्स, दोघंच.

त्यांनी आधी बॉक्स हलवून पाहिला. मग कान लावला. आतून काहीच आवाज नाही. इतक्या भागांची वस्तू आणि खडखड नाही? एक कोपरा उचलून पाहिला. वजन कमी वाटलं. खरं तर कालच्या नगाचं वजन त्यांनी पाहिलंच नव्हतं, पण संशयाला माप लागत नाही. त्यांनी चिकटपट्टी पातळ सुरीने अशी उचलली की कागदाचा पापुद्रा निघाला नाही. कॉम्प्युटर बाहेर काढला. पत्र्याच्या सांध्यावर एक लाल कागद चिकटवला होता, त्यावर बारीक अक्षरात काहीबाही. कंपनीवाले चिकटवतात ते झाकायलाच, असं म्हणून काकांनी तो न वाचता सोलला आणि केरात टाकला. मग मागचे स्क्रू सोडवून पत्रा सरकवला.

आत फोम होता.

वरपासून खालपर्यंत, कोपरान् कोपरा भरून, दोन पिशव्यांत फुगवलेला पांढुरका फोम. आयुष्यभर ज्या मालाने त्यांनी दुसऱ्यांची पोटं भरली तोच माल. तोही हलका, दाबला की पावडर होईल असा. त्यांच्या मनाने निकाल दिला: पत्र्याचा डबा घेतला, आत भरती घातली, आणि माझ्या पोरीच्या दोन वर्षांची माती केली.

त्यांनी फोमच्या दोन्ही उशा उपसल्या, मागे काय उरलं ते बघायलाही न थांबता बगलेत मारल्या आणि तसेच माळ्यावर जाऊन बाईंच्या टेबलावर ठेवल्या. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे काय मढवून दिलंत? माझा हा धंदा आहे बाई. मला भरती ओळखायला शिकवू नका."

बाईंनी फोमकडे पाहिलं. मग काकांकडे.

"हे काढायचंच असतं, काका. वाटेत कार्ड हलू नये म्हणून कंपनी भरते. लाल कागदावर लिहिलेलं असतं ना, हे काढल्याशिवाय चालू करू नका म्हणून. पंखे अडकतात, कार्ड जळतं. वाचला नाहीत?"

काका टेबलावरच्या उशा एकीवर एक रचू लागले.

"मागे भाग होते की नव्हते?" बाईंनी विचारलं.

"बघितले नाहीत," काका म्हणाले.

गिऱ्हाइकांतलं एक जण खोकल्यासारखं हसलं. बाईंनी मात्र ताणलं नाही. पत्रा उघडल्याने वॉरंटी जात नाही एवढं त्यांनी सांगितलं, दोन्ही उशा काकांच्या हातात परत दिल्या आणि म्हणाल्या, "मुलीला नीट समजावून द्या. ती खूश होती काल."

परत येताना काकांना दुकान, बाई, कंपनी, कशाचाच विचार सुचेना. फक्त ते हळू म्हटलेलं 'बरं' आठवत होतं. घरी येऊन त्यांनी पत्रा पुन्हा सरकवला. आत सगळं होतं. कालच्यासारखंच, नव्हे, कालच्याहून स्वच्छ. मग त्यांच्या हाताला सगळ्यांत चांगलं जे यायचं तेच त्यांनी केलं. दोन्ही उशा होत्या तशा बसवल्या, खोबण खोबणीला. पत्रा लावला. बॉक्समध्ये ठेवला. चिकटपट्टी जुन्याच रेषेवर बोटाने दाबत बसवली. उठून लांबून पाहिलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. फक्त लाल कागद फाटून चोळामोळा झाला होता. तो राहिला केरात.

काकू परत आल्या. त्यांनी बॉक्सकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, एवढे गप्प का?" काका म्हणाले, डोकं दुखतंय. काकूंनी विचारलं, बॉक्सला हात लावला नाहीत ना? काका म्हणाले, छे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्यांनी आपणहून पुढे जोडलं की चिकटपट्टी कशी अगदी कंपनीची आहे बघ. काकू कधी चिकटपट्टी बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या आता बघू लागल्या.

संध्याकाळी चिमी आली ती चप्पल एकीकडे नि पिशवी दुसरीकडे टाकत. बॉक्ससमोर मांडी घालून बसली आणि चिकटपट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा, खरंच नाही उघडलात." इतक्या आनंदाने म्हणाली की काकांना मान खाली घालावी लागली.

तिने कॉम्प्युटर बाहेर काढला, टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या. पत्र्यावर कुठे काही लिहिलेलं नव्हतं, मग ती थांबणार कशाला? काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. गप्प राहिलं तर तिचा विश्वास राहतो आणि कार्ड जळतं. जळालेल्याचं खापर कंपनीवर फोडता येईल, बाईंवर फोडता येईल. चपलेचा पट्टा टांगलेलाच आहे, त्याच्या शेजारी आणखी एक टांगता येईल. कुणालाही पटलं असतं. चिमीने बटणाकडे बोट नेलं.

"थांब," काका म्हणाले. "आत फोम आहे. काढल्याशिवाय चालू करायचा नाही."

चिमीचं बोट तिथेच राहिलं. पत्रा तर बंद होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

काका मागे वळले. काकू केराचा डबा उचलून आणत होत्या. त्यांनी तो चिमीजवळ ठेवला आणि परत आत गेल्या. त्यात वरच लाल कागद होता. चिमीने तो मांडीवर सरळ करून वाचला. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पत्रा काढला, उशा काढल्या आणि एकेक भाग, एकेक वायर, एकेक स्क्रू तपासायला बसली. बापाने आणखी कुठे कुठे हात घातला असेल याचा ती शोध घेत होती. "हा सैल का आहे?" काका म्हणाले, तो मी नाही. तिने वर पाहिलं, त्यांच्यावर विश्वास न ठेवता पाहिलं, आणि तो स्क्रू स्वतः आवळला. सगळं झाल्यावरच तिने बटण दाबलं. पंख्याने घुर्र केलं. बाईंनी म्हटल्याप्रमाणे आवाज थोडा होताच.

त्यानंतर चिमी बापाशी कामापुरतं बोलायची. खोलीचं दार लोटून खेळायची, आतून हसण्याचा आवाज यायचा. काका दाराजवळून जाताना पाऊल न वाजवता जायचे. त्यांनी त्या दाराला कान लावला नाही, हे काकूंनी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं.

त्या आठवड्यात दुकानात एक मोडकी खुर्ची कुणीतरी टाकून गेलं होतं. काकांनी ती मढवायला घेतली. कंपनीचा फोम बसायच्या कामाचा नाही म्हणून फेकला आणि आपल्याकडचा चांगला, घट्ट फोम कापला. पाठीला बाक दिला, हात ठेवायच्या जागी जाड पट्टी. गिऱ्हाइकाला देतात त्या खुर्चीला काका खालून काळं कापड ठोकतात, आतलं दिसू नये म्हणून. या खुर्चीला त्यांनी ते ठोकलंच नाही. स्प्रिंगा, पट्टे, गाठी, सगळं उघडं.

खुर्ची त्यांनी चिमीच्या दारात ठेवली आणि हात धुवायला गेले. चिमी बाहेर आली. बसली नाही. खुर्ची उचलून तिने उलटी केली आणि खालची शिवण बोटाने शेवटपर्यंत तपासली.

मग ती खुर्ची आत ओढून घेतली. दार या वेळी लोटलं नाही.