माहेरची पुडी

हिर्डोशीच्या रत्नाला कुणी कधी जाडी म्हणेल, असं तिच्या सासरी स्वप्नातसुद्धा कुणाला वाटलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि “ही काय भाताचे भारे उचलणार?” म्हणून नाक मुरडलं. उचलले की तिनं! वीस पावसाळे चिखलात वाकून भात लावलं, नाचणी काढली, एसटी चुकली की डोक्यावर ओझं घेऊन घाटाचा रस्ता पायी तुडवला. पण गुडघे काही लोखंडाचे नसतात. चाळिशीला टेकली आणि गुडघे तिला जागचं उठू देईनात.

तिचा धाकटा भाऊ गोरख उत्रोलीला. आई शेतात आणि हा रत्नाच्या कडेवर, असाच तो वाढलेला. मोठेपणी टेम्पो चालवून बघितला, कोंबड्या पाळून बघितल्या, कशातच जम बसेना. शेवटी आठवडी बाजारात जडीबुटीचं दुकान मांडून बसला आणि तिथं मात्र बरकत आली. गुडघेदुखी, कंबरदुखी, संधिवात, सगळ्यांवर त्याच्याकडे एकच पांढरी पुडी.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यानं बहिणीच्या तबकात ब्लाऊजपीस टाकलं आणि वर तीस पुड्यांचा गठ्ठा ठेवला.

“रोज सकाळी एक, कोमट पाण्यातनं. झाडपाल्याचं हाय, ताई. अपाय न्हाई कसलाच.”

आता भावानं ओवाळणीत घातलेली वस्तू कुणी हुंगून बघतं का? माहेरचं ते माहेरचं. रत्नानं दुसऱ्या दिवसापासून पुडी सुरू केली, आणि आठ दिवसांत बाई नळावरून हंडा घेऊन तरातरा चालायला लागली. भूक अशी लागायची की भाकरी पुरेना. महिन्या-दोन महिन्यांत गाल भरले, त्यांवर लाली आली.

“रत्ने, अंग धरलंस की गं,” नळावरच्या बाया म्हणायच्या. “माहेरचं तूप लागलं वाटतं.”

आपल्याकडे बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं की ती सुखात आहे, आणि हाडं दिसली की सासर तिला जाचतं. झाला निवाडा! दवाखाना, डॉक्टर मधे येतातच कशाला? नवरा धनाजीसुद्धा खूश. चार पाहुण्यांत बायको भरलेली दिसते म्हणून ताठ मानेनं फिरायचा. आणि रत्ना? ती तर भावाचे गोडवे गाता थकेना. शेजारच्या चंद्राबाईच्या कमरेला पुडी, खालच्या आळीतल्या दोघींना पुडी. गोरख गठ्ठे पाठवायचा आणि ही घरोघर पोचवायची. वर म्हणायची, “आमच्या गोरखच्या हाताला गुण हाय.”

मग हळूहळू त्या अंगाचं काहीतरी बिनसलं. मांस चढत होतं ते तोंडावर, पोटावर आणि मानेमागं. तिथं तर चक्क उंचवटा आला. हातपाय मात्र वाळत चालले. पोटावर बोटाएवढे जांभळे पट्टे उठले. बांगडी जरा जोरात लागली तरी काळंनिळं पडायचं. पाळी थांबली, तेव्हा चंद्राबाईनं कानाशी येऊन विचारलं, “दिवस गेलेत का गं?” रत्ना लाजून हसली आणि वयावर ढकलून मोकळी झाली. हनुवटीवर केस आले, ते तिनं गुपचूप उपटले. पण अंगणात तांदूळ निवडायला बसली आणि उठताच येईना, तेव्हा तिला हसू आलं नाही. गुडघा दुखत नव्हता. मांड्यांत जोरच नव्हता.

यंदाच्या भाऊबीजेचं ब्लाऊजपीस शिवायला टाकायला ती भोरला गेली. शिंपीण शेफाली, पोरगी तिशीची, जिभेनं तिखट पण हातानं चोख. तिनं माप घेतलं, कागदावर लिहिलं, जुनं माप बघितलं आणि पुन्हा टेप लावली.

“मावशी, कंबर पाच इंच वाढलीय आणि दंड दीड इंच घटलाय.”

“बरं मग? सैल ठेव कमरेत.”

“सैल ठेवायचं म्या बघते. पण मावशी, बाई जाड झाली की दंडबी जाड हुतो. मी रोज मापं घेते, असं अंग म्या पाह्यलं न्हाई. दवाखान्यात जावा. न्हाई गेलात तर ब्लाऊज देणार न्हाई.”

पोरीनं खरंच कापड अडवून ठेवलं. रत्ना फणफणत सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड बघितलं, मानेमागं हात लावला, पोटावरचे पट्टे बघितले, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. तिला काही ते जमलं नाही. रक्त तपासलं तर साखर चढलेली, बीपीही चढलेला.

“कसली पुडी-बिडी घेतेस का?” बाईंनी विचारलं.

रत्नानं पुडीचं सांगितलं. बाईंनी मग समजावलं, “आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून एक हार्मोन पाझरतं. तसलंच औषध तुझ्या पुडीत मिसळलेलं असणार, भरमसाट. त्यानं दुखणं दबतं, पण चरबी तोंडावर नि पोटावर जाते आणि हातापायाचं मांस झिजतं. हे अंग धरणं नाही बाई, हा आजार आहे. आणि बाहेरून इतकं मिळाल्यावर तुझ्या ग्रंथी बसल्यात झोपून. म्हणून नीट ऐक. पुडी एकदम बंद करायची नाही. केलीस तर बीपी पडेल, जीव जाईल. उद्याची पुडी घे, उरलेल्या सगळ्या इथं आण. त्या तपासायला पाठवू आणि मी मापाच्या गोळ्या देऊन हळूहळू कमी करीन. दिली कुणी तुला?”

रत्नाच्या तोंडून निघून गेलं, “आला हुता कुणी फिरता वैदू.”

माहेरच्या नावाला बट्टा कोण लावून घेईल? शिवाय तिची खात्री होती की गोरखलाच कुणीतरी फसवलंय. बिचारा, त्याला काय ठाऊक आत काय असतं! स्टँडवरूनच तिनं त्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि सावध राहा म्हणाली. गोरख म्हणाला, “बरं झालं सांगितलंस, ताई.”

सकाळी रत्नानं चहा ठेवला होता, पुडी अजून घ्यायची होती, तोच त्याची मोटारसायकल दारात. धनाजी शेतावर गेलेला. गोरखनं फळीवरचा डबा काढला आणि सगळ्या पुड्या पिशवीत ओतल्या.

“आरं, त्या दवाखान्यात द्यायच्या हाईत.”

“म्हणून तर नेतोय. कुणाला दाखवायच्या न्हाईत.”

“एक तरी ठेव. एकदम सुटली तर माणूस मरतं म्हणत्यात.”

“मला ठाऊक हाय,” गोरख म्हणाला. पिशवीच्या तोंडाला गाठ मारत होता. “सोडली की माणूस आडवं पडतं, म्हणून तर गिऱ्हाईक मागं येतं. चार दिस कळ काढ. दवाखान्यात जाऊ नको. जरा निवलं की म्या बघतो तुझं.”

रत्नाला वाटलं आपण नीट ऐकलं नसेल. पण त्याचं तोंड बघितलं आणि कळलं की नीटच ऐकलंय. भाऊबीजेलाही त्याला ठाऊक होतं. तबकात गठ्ठा ठेवून तिच्या पाया पडला, तेव्हाही. ती चुलीपुढून उठायला गेली, पिशवी हिसकायला, आणि मांड्यांनी दगा दिला. भिंतीला धरून उभी राहीपर्यंत गोरख वळणापलीकडे गेला होता. 

मग ती धरत-धरत चंद्राबाईच्या दारात गेली. भावाचे गोडवे गाऊन ज्या घरात पुड्या पोचवल्या, तिथंच आता हात पसरायचा होता.

“चंद्राबाई, तुज्याकडच्या पुड्या दे. एक म्या आत्ता घेते, बाकीच्या दवाखान्यात दिऊ. तूबी चल माज्यासंगं. खालच्या आळीतल्या दोघींनाबी आल्यावर सांगते. एकदम सोडू नको, आणि मनानं घेऊबी नको.”

चंद्राबाईनं पुड्या आणून तिच्या हातात ठेवल्या. “का गं? काय हाय त्यात?”

“वाटंत सांगते. तुला म्याच दिल्यात, म्याच सांगते.”

रत्नानं एक पुडी तिथंच पाण्यातनं घेतली आणि दुधाच्या टेम्पोत पुढं बसून दोघी भोरला गेल्या. रत्नानं वाटेत सगळं सांगितलं. चंद्राबाई फक्त थोडी सरकून बसली, आणि ते रत्नाला शिवीपेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी पुड्या मोजून घेतल्या, दोघींना तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. मग कागद पुढं ओढला. “त्या फिरत्या वैदूचं नाव-गाव काही आठवतंय का?”

“फिरता न्हाई त्यो,” रत्ना म्हणाली. “गोरख रखमाजी, उत्रोलीचा. माजा सख्खा भाऊ. आणि बाई, हेबी लिवा, त्याला सगळं ठाऊक हुतं.”