वाटीभर चव

एका आजारी बाईकडून मी रोज, भुकेल्या पोरांच्या समोर, आनंदाची हजेरी घेत होते. आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेत होते. नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासून शहाणी. असू दे त्यांचा समज.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीतल्या शाळेवर मी शिकवायला होते. महाडहून पहिल्या एसटीनं जायची. शाळेत खिचडी करायला चाळिशीची एक एकटी बाई होती. पातेल्यावरचं झाकण उचलायच्या आधीच म्हणायची, "आज बिघडलीच असंल."

बिघडलेली कधीच नसायची. पण एकदा एका पोरानं वाटाणे वेचून ताटाबाहेर काढले. महिना उलटला तरी हिच्या तोंडी तेच.

"त्या पोरानं वाटाणं टाकलं, बाई."

"अगं, बाकीच्यांनी दोनदोनदा मागून खाल्लं की!"

"आसंल. माझ्या नाय ध्यानात."

मला वाटे, नखरे आहेत. कौतुक उकळायची युक्ती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आणि माझ्यासारखाच शिक्का मारून मोकळे झाला असाल.

पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम असतो. चव म्हणजे चमचाभर. माझी वाटीभर असे, आणि वाटी पुन्हा पुढे जाई. पन्नाशीतली मी खादाड बाई एक दिवस समाजसुधारक झाले. म्हटलं, "आधी कालची एक चांगली गोष्ट सांग. मगच चव घेईन."

दोन दिवस ती पदराचं टोक पिळत राहिली, आणि पोरं ताटं वाजवायला लागल्यावर मीच चव घेतली. तिसऱ्या दिवशी बोलली, "भावाचा फोन आलेला." मग रोज एक. शेजारणीनं अळूवड्या दिल्या. भाचीनं खुशाली विचारली. मी शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना ऐटीत म्हणाले, "बघा, माणूस असा मार्गावर आणायचा असतो!"

पुढे महाडच्या स्टँडवर तिचा भाऊ भेटला. मी म्हटलं, "बहिणीला फोन करता, फार बरं वाटतं हो तिला."

तो म्हणाला, "बाई, सहा महिनं झालं, ती माझा फोन उचलत नाय. दारात गेलो तर कडी काढत नाय. शाळेत तरी जेवते का हो?"

रोज तिच्या हातचं खाऊनही, ती जेवते का हे मी कधी बघितलंच नव्हतं.

भावानं आणि मी तिला शाळेतच गाठून, समजावून महाडलाच मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा हट्ट नाही, आजार आहे. यात वाईट तेवढं चिकटून राहतं. चांगलं समोर घडलं तरी मनात ठरत नाही." गोळ्या लागू पडायला वेळ लागला. मधे एकदा तिनं त्या सोडल्याही. भाऊ दारात बसून राहिला, तेव्हा पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या वर्षी ती भावाकडे राहायला गेली. आता तिथंच असते. जायच्या दिवशी शाळेतलं पातेलं घासून पालथं घालायला म्हणून आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच बोलायला लागली :

"पोरं भुकेली ताटं वाजवायची, बाई, म्हनून मी कायबाय रचून सांगायची. पन आता एक खरं ध्यानात येतंय. तुम्ही वाटीभर चव घ्यायच्या, आनि वाटी परत पुढं करायच्या. म्हंजे खिचडी बरी होत असंल, नाय का हो?"