आधी एकदा पडला होता

बायको जाऊन सात महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर साखर कारखान्यात पाने-हातोडे चालवले, लिहिण्याशी संबंध सहीपुरता. तरी हे लिहायला बसलो, कारण एक गोष्ट तिला सांगायची होती आणि पन्नास वर्षांत माझ्यानं ती सांगवली नाही.

गोष्ट तिच्या धाकट्या भावाची. दुष्काळाच्या साली, बावीस वर्षांचा असताना, फुटबॉल खेळता खेळता तो मेला.

तिचं माहेर तिसगावच्या अंगाला. सगळं कोरडवाहू. बाप लवकर गेला, म्हणून भावाला तिनं लहानपणीच आमच्याकडे आणला, श्रीरामपूरच्या बाजूला आमचा कारखाना होता तिथं. चाळीतल्या दोन खोल्यांत तो आमच्या पोरांसारखाच वाढला. श्रीरामपूरला मिशनच्या शाळेत घातला, तिथं ख्रिस्ती पोरांच्या नादानं फुटबॉल शिकला. अनवाणी खेळायचा आणि बूटवाल्यांच्या पायातून चेंडू काढून न्यायचा. पुढे कारखान्यानं आपला संघ उभा केला, पोरांना बूट दिले. बरा खेळणाऱ्याला कारखान्यात काम मिळायचं. ह्याला मिळालं ते हंगामी. उसाचं गळीत संपलं की घरी.

संघाला शिकवायला एक हवालदार ठेवला होता. नगरला पलटणीत फुटबॉल खेळून पेन्शनीत निघालेला. दुष्काळात ऊस वाळला, कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली, तेव्हा वरून हुकूम आला : संघातले निम्मेच ठेवायचे. जे अंगानं दणकट, दीड तास न थांबता पळतील, ते कायम. बाकीचे आपापल्या गावी.

मग हवालदारानं पोरांना कालव्याच्या कडेनं पळवायला सुरुवात केली. सकाळी पुलापर्यंत जायचं नि यायचं, हा मागून सायकलीवर. कालव्यात चिखल उरलेला, आणि प्यायचं पाणी सोबत असलं तरी पळून होईस्तोवर तोंडाला लावायचं नाही. पोटात पाणी खळखळलं की पाय जड होतात, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. मीही म्हणायचो. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्याच्यावर ही पळापळ.

एकदा एक पोरगा म्हणाला, "हवालदार, ह्याच्यापरीस लढाई बरी."

"लढाईत जाग्यावर उभं ऱ्हायचं आस्तं, भाड्या. पळ!"

आमचा सगळ्यांच्या पुढे. त्याला कायम व्हायचंच होतं. काष्टीकडची मुलगी ठरली होती, वैशाखात लग्न धरलं होतं, आणि मुलीच्या बापानं स्पष्ट सांगितलेलं, नोकरी कायम झाली की बार उडवू.

माघातली गोष्ट. मी आठच्या पाळीला सायकलवर निघालो होतो. कालव्यावर तो एकटाच दिसला. बाकीचे मागे, वळणापलीकडे. मला बघून त्यानं हात वर केला आणि तसाच खाली पडला. डोळे पांढरे झाले. हातपाय झटकायला लागला. आमच्याकडे असं माणूस पडलं की एकच समजतात, फेपरं. आणि फेपऱ्याला एकच इलाज, नाकाला चप्पल नाहीतर फोडलेला कांदा. मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. घटकाभरात तो शुद्धीवर आला, उठून बसला. मला वाटलं, चपलेनं काम केलं.

"दाजी," तो म्हणाला, "आक्काला सांगू नका."

"आक्काला? आरं, कुनालाच न्हाई. फेपऱ्याच्या नवऱ्याला कोन पोरगी देईल? आन कारखाना ठिवील तुला? उठ. माती झटक."

त्यानं माती झटकली. मागची पोरं आली तेव्हा तो बुटाची नाडी बांधत बसला होता.

महिन्याभरानं कायम करायच्या आधी डॉक्टरची तपासणी झाली. थोरला म्हणून मी संगं गेलो. डॉक्टरनं नळी लावली, वजन घेतलं, जिभा-डोळे बघितले. मग विचारलं, "कधी चक्कर? कधी बेशुद्ध पडलास?"

पोरानं माझ्याकडे बघितलं. सांगायचं का, असं ते बघणं होतं. मी मान डोलावली असती तर तो बोलला असता.

मीच बोललो. "घोड्यावानी पळतुय, डाक्टरसाहेब. चक्कर कसली त्याला!"

डॉक्टर हसला आणि सही केली. त्या दिवशी बायकोनं गूळ घालून शिरा केला. तुपाचा थेंब नव्हता घरात, तेलातच केला. तो खाताना हसत होता, आणि मीही.

चैत्रात नगरच्या एका संघाबरोबर आमच्याच मैदानावर सामना होता. उन्हं उतरली होती. चाळीतली बायापोरं दोरीच्या बाहेर बसली होती, बायको घरी होती. दुसऱ्या हाफात चेंडू पार पलीकडच्या टोकाला होता. आमचा माघारी पळत येत होता, जवळ कुणी नव्हतं. तो दोन पावलं चालला, गुडघ्यावर बसला आणि तोंडावर पडला.

दोरी ओलांडून सगळ्यांच्या आधी मी पोचलो. हातपाय तसेच झटकत होते. मी ओरडलो, "फेपरं हाय! कांदा आना! सरका, वारं येऊ द्या!" कुणीतरी भज्याच्या गाड्यावरून कांदा आणला, मी तो बुक्कीनं फोडला. दुसऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. मी चप्पल काढली.

हवालदार धावत आला. "उचला ह्याला, दवाखान्यात घ्या!"

मी त्याला ढकललं. "हात लावू नगा. आत्ता उठतुय. मला ठाव हाय, आधी बी असाच उठला हुता."

हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मग डॉक्टरला आणायला स्वतः पळाला. तेवढ्यात हातपाय झटकायचे थांबले. मला वाटलं, उतार पडला. मी त्याच्या तोंडावरची माती पुसत बसलो.

डॉक्टर आला. त्यानं मनगट धरलं, छातीला कान लावला, छाती दाबून बघितली. नंतर माझ्या हातातली चप्पल घेऊन लांब फेकली. म्हणाला, "हे फेपरं नव्हतं. काळीज बंद पडलंय ह्याचं." दवाखाना मैदानापासून हाकेच्या अंतरावर होता. लगेच नेला असता तर वाचला असता का, हे मी त्याला विचारलं नाही. आजपर्यंत कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही.

दहावा झाला त्या दिवशी पाव्हणे गेल्यावर बायको भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आमचा बा असाच गेला. मोट हाकताना. पर त्याच्या आधी एकदा खळ्यावर पडला हुता, चांगला उठला, आन आमी म्हनलं ऊन लागलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला आधी कवा काय झालं हुतं का वं? झालं आस्तं तर म्या त्याला अंगनाच्या भायेर पळू दिलं नस्तं."

मी म्हणालो, "न्हाई."

एवढा एकच शब्द. त्याच्या मागे सगळं आयुष्य गेलं.

काही झालेलं नव्हतं म्हटल्यावर दोष कुणाचा? तिनं तो हवालदाराला दिला. पाण्यावाचून पळवून माझ्या भावाला मारलं, असं ती नळावर, गिरणीत, जिथं चार बायका भेटतील तिथं सांगायची. महिन्यानं तो आमच्या दारात आला, पोराचे बूट घेऊन. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"कशाला आलास? अजून कुनाला पळवायचंय? हाय घरात एक, त्याला बी ने!" आणि माझ्याकडे बोट केलं.

हवालदारानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी आत जेवायला बसलो होतो. त्यानं एकच वाक्य बोलायची गरज होती, तुझ्या नवऱ्याला विचार. तो बोलला नाही. बूट उंबऱ्यावर ठेवले आणि गेला. मी पुढचा घास घेतला. हे खोटं नाही लिहीत, घेतला.

पुढे तो मैदानावर आला नाही. काम सोडून श्रीरामपुरात राहायला गेला. पंधरा-वीस वर्षांनी वारल्याचं कळलं. बायको म्हणाली, "सुटला." खरं काय ते कितीदा तोंडापर्यंत आलं. ती शेवटी आजारी होती तेव्हाही आलं. दुखणाईत माणसाला कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की ती ऐकेल आणि मग माझ्याकडे बघणार नाही.

तिचं सगळं उरकल्यावर मी एसटीनं श्रीरामपूरला गेलो. हवालदाराच्या मुलाचं सायकलचं दुकान आहे. त्याच्या पुढ्यात बाकड्यावर बसून सगळं सांगितलं. तो ट्यूबला ठिगळ लावत होता, मध्येच हात थांबले.

"आमच्या बापानं घरात कवाच सांगितलं न्हाई हे," तो म्हणाला. "माझ्या हातनं पोरगं गेलं, येवढंच म्हनायचा."

"त्याला ठाव हुतं. माझ्या तोंडनंच ऐकलं हुतं त्यानं."

"मग मला सांगून काय उपेग? आय आत हाय. तिला सांगा. तिनं जलमभर ऐकवलंय त्याला."

आत गेलो. म्हातारी बाजेवर बसली होती, नजर गेलेली, कान शाबूत. मी कोण ते सांगितलं. मग कालव्यापासून दारातल्या बुटांपर्यंत सगळं सांगितलं, काही न ठेवता.

झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या मालकिनीला कवा सांगितलं?"

"न्हाई सांगितलं. गेली ती."

"म्या आमच्या मालकांना जेवताना बी बोलायची," ती म्हणाली. "जरा कमी पळवलं आस्तं तर, म्हनायची. ताट सारून उठायचे."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी उभाच राहिलो.