इंचाला जुळणारा शब्द

आमचा इंग्रजीचा मास्तर. त्याला मी मनात कधी अहोजाहो केलं नाही, तोंडावर करावं लागायचं म्हणून केलं. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास त्याचा. त्या तासाला त्याचा एक ठरलेला खेळ होता. तो फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि पहिल्या बाकापासून विचारत यायचा. त्या शब्दाशी जुळणारा, शेवटाला तसाच वाजणारा दुसरा शब्द सांगायचा आणि लगेच त्याचा मराठी अर्थही सांगायचा. एकाने सांगितलेला शब्द दुसऱ्याने सांगायचा नाही. ज्याला येणार नाही त्याने उभं राहायचं, फळ्यावर पुढचा शब्द आला तरी स्वतःला येईपर्यंत उभंच. मग ज्याला येईल त्याने उठायचं आणि तोवर जे जे उभे असतील त्यांच्या थोबाडीत देत जायचं. डाव्या हाताने समोरच्याचं नाक धरायचं, उजव्याने मारायची. नाक धरलं की तोंड फिरवता येत नाही.

हात आखडून मारली तर मास्तर म्हणायचा, "अशी नाही मारत." आणि कशी मारतात ते हात आखडणाऱ्याच्याच गालावर करून दाखवायचा. त्यामुळे दया दाखवणं कोणालाच परवडायचं नाही. शुक्रवारी जिच्या डब्यातला बोंबील खाल्ला तिचंच नाक शनिवारी धरायचं. शाळेत मुलांना मारायला बंदी आहे, असा सरकारी कागद ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला होता. तो वाचून एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा मास्तर हसून म्हणाला, "मी कुठे मारतो? मुलंच मुलांना मारतात."

माझी सख्खी बहीण माझ्याच वर्गात होती. ती माझ्याहून मोठी, पण बाबांना दोन वेळा शाळेत खेपा घालायच्या नव्हत्या म्हणून त्यांनी एकाच दिवशी दोघींचं नाव घातलं. मी पहिल्या बाकावर, ती उंच म्हणून शेवटच्या. तिची गंमत अशी की जुळणारे शब्द तिला माझ्या आधी सुचायचे. कान तयार होता तिचा. आमच्या गावात, चिंचणीत, घराघरात डाय बनतात तशा आमच्याही घरी बनायच्या. पोलादाच्या तुकड्यावर छिन्नीने नक्षी उलटी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिन्याचा ठसा उठवतात. बाबा दिवसभर ओटीवर बसून ठोकत असायचे आणि नुसत्या आवाजावरून ती सांगायची की छिन्नी बोथट झाली. मास्तरने ब्रिक लिहिलं की तिच्या डोक्यात ट्रिक, स्टिक, थिक, किक अशी रांग लागायची. पण अर्थ एकाचाही माहीत नाही. अर्थ नाही म्हणजे शब्द नाही, असा मास्तरचा नियम. ती उभी राहायची आणि बारा-पंधरा जण तिच्या नाकाला हात लावून जायचे. शनिवारी दुपारी तिचे दोन्ही गाल पिकल्या जांभासारखे असायचे.

त्यात मास्तरने बाबांना दोनदा रस्त्यात गाठून सांगितलं होतं, की मोठीला काही येत नाही, धाकटीचा वेळ फुकट जातो. बाबा तापट माणूस. दुसऱ्यांदा ऐकून घरी आले तेव्हा त्यांनी तिच्या पाठीत हातोडीचा दांडा घातला आणि मग शांतपणे म्हणाले, "आता आनखी एक तक्रार आली ना, तर शाळा बंद. माझ्या बाजूला बसायचं नि कानस घासायची. मला पन हात पायजे जोडीला."

ही धमकी नव्हती. शेजारच्या दोन मुली तशाच बसल्या होत्या. लोखंडाचा काळा कीस त्यांच्या नखांत कायमचा जाऊन बसला होता. माझ्या बहिणीला ते नको होतं. तिला शाळा का हवी होती हे मला तेव्हा कळायचं नाही, एवढा मार खाऊन कोणाला हवी असते? पण तिला हवी होती. वाडीतल्या चिकूखाली बसून ती मला म्हणाली, "तू मला अर्थ शिकव."

मला शिकवता येत नव्हतं. एकदा सांगायचं, दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा माझा हात उठायचा. किकचा अर्थ ती तिसऱ्यांदा विसरली तेव्हा मी तिच्या नडगीवर लाथ घातली. "ही किक." तो अर्थ ती पुन्हा विसरली नाही. मग आम्हाला रीतच सापडली. पुश म्हणजे मी तिला ढकललं, ती न्हाणीच्या दगडावर पडून कोपर फुटलं. स्क्रॅच म्हणजे नखं. ट्विस्ट म्हणजे हात पिरगाळला. बाइट म्हणजे चावले, दंडाला, दात उमटेपर्यंत. पिंच म्हणजे चिमटा, आणि तो तिने मला उलट असा काढला की मी रडले. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "शिकताय की मारताय एकमेकीला?" आम्ही दोन्ही करत होतो.

जे शब्द अंगावर करून दाखवता येत ते सगळे तिला आले. जे येत नसत ते नाही आले. रोप म्हणजे दोरी, ती मी तिच्या मनगटाला करकचून बांधली. सोप डोळ्यात घातला. पण होप कसा दाखवणार? मी नुसतंच सांगितलं, आशा, आशा. ती बघत राहिली आणि दुसऱ्या दिवशी विसरली.

तरी फरक पडला. दोन-तीन शनिवार ती बसून राहिली आणि इतरांची नाकं धरत गेली. तिचा हात बाबांवर गेला होता, भारी. कशी मारतात ते मास्तरला तिला कधी करून दाखवावं लागलं नाही. आणि हेच मास्तरला आवडेना. तो तिच्या बाकापाशी आला की शब्द ऐकून घ्यायचा, अर्थ ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बहिणीने पढवलंय." आणि तरीही उभं करायचा.

त्याच दिवसांत तिने एक गोष्ट केली, जी मला फार पुढे कळली. आमची मावशी तारापूरच्या कॉलनीत एका मॅडमकडे पोळ्या करायला जायची. रविवारी बहीण तिच्याबरोबर गेली आणि त्या मॅडमना विचारलं, की कोणी मारायला हात उगारला की आपण आपोआप आकसतो, डोळे मिटतो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात. आम्ही सगळे शब्द धरून त्याचा अर्थ शोधत होतो. हिच्याकडे अर्थ होता, चांगला पाठ झालेला होता, शब्द तेवढा नव्हता. मॅडमने सांगितला. तो तिने मला सांगितला नाही. कोणालाच सांगितला नाही. त्याला जुळणारा शब्द मास्तर कधी फळ्यावर लिहितो, याची वाट बघत बसली.

एका शनिवारी त्याने इंच लिहिला.

मी पहिलीच. "पिंच. चिमटा." बसले. माझ्या मागचा उभा राहिला. त्याच्या मागची उभी राहिली. रांगच्या रांग उभी राहत गेली, कारण इंचाला जुळणारं आणखी काही कोणाला सुचेना. मास्तर खूश होता. चालत चालत तो शेवटच्या बाकाशी पोचला, हात पाठीमागे बांधलेले.

"फ्लिंच," माझी बहीण म्हणाली.

"काय?"

"फ्लिंच."

 शब्द त्याला माहीत होता, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. "अर्थ?"

ती म्हणाली, "दचकने. नाय, दचकने नाय. भिने पन नाय." मराठीत तिला नेमका शब्द मिळेना. मला तरी आज कुठे चटकन मिळतो? पोरं हसायला लागली. मास्तर वळला आणि म्हणाला, "अर्थ नाही, शब्द नाही. राहा उभी."

"करून दाखवू?" ती म्हणाली.

आमची शिकायची रीत त्याला काय माहीत. तो म्हणाला, "दाखव."

तिने हात खांद्यामागे नेला आणि त्याच्या मुस्काटावर जोरात आणला. गालापासून बोटभर अंतरावर हात थांबला. लागला नाही. पण मास्तरचे डोळे गच्च मिटले होते, मान खांद्यात गेली होती, एक कोपर तोंडासमोर आलं होतं आणि चष्मा एका कानावर लोंबत होता. मी सोडून सगळा वर्ग उभाच होता, त्यामुळे सगळ्यांना नीट दिसलं.

"हे," ती म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते मी कोणाला सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी वाढवून सांगते. त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि फळ्यापर्यंत फरफटत आणली. लाकडी पट्टी मोडेपर्यंत मारलं. पट्टी मोडल्यावर डस्टर घेतलं. कपाळावर, बोटांवर, तोंडावर. ओठ फुटला, खडूची पांढरी पूड आणि रक्त एकत्र तिच्या हनुवटीवरून गळत होतं. आणि ती डोळे मिटत नव्हती. डस्टर खाली येताना ती त्याच्याकडे बघत होती. त्यामुळे तो आणखी मारत होता. मी उठले आणि त्याच्या मनगटाला चावले. बाइटचा अर्थ मला पक्का माहीत होता. त्याने मला झटकून फळ्यावर आपटलं, माझा पुढचा दात हलला तो हललाच. मी चावले याचं मला अजून बरं वाटतं. आणखी खोल चावायला हवं होतं.

बाबांना शाळेत बोलावलं. आम्ही दोघी ऑफिसबाहेर, सरकारी कागदाच्या खाली उभ्या. बहिणीने ओढणी तोंडाला दाबून धरली होती. ती एकदाच बोलली, "आता कानस." आतून मास्तरचा आवाज येत होता. मोठीने गुरूवर हात उगारला, धाकटी चावली, अशा मुली मी पाहिल्या नाहीत.  मग बाबांनी विचारलं, "उत्तर बरोबर व्हतं का तिचं?"

"उत्तराचा प्रश्नच नाही," मास्तर म्हणाला.

"मंजे बरोबर व्हतं."

 बाबांनी हात जोडले आणि बाहेर आले. आम्हाला घेऊन घरी निघाले. ओटीवर चढल्यावर त्यांनी आधी माझ्यावर हात उगारला. मी डोळे मिटले, आकसले, खाल्ली. मग तिच्यावर उगारला. ती तशीच उभी राहिली, फुटलेला ओठ घेऊन, डोळे उघडे. बाबांचा हात क्षणभर वर राहिला. मला वाटलं खाली घेतील. नाही घेतला, कानाखाली वाजवलीच.

"ही मास्तरवर हात उगारला म्हनून," ते म्हणाले. "सोमवारी शाळेत जायचं दोघींनी. बरोबर उत्तर दिलं म्हनून पोरीला घरी बसवत नाय मी." आणि छिन्नी हातात घेऊन ठोकायला बसले.

मला त्या क्षणी बाबा आवडले आणि त्यांचा हात तोडावासाही वाटला. दोन्ही खरं होतं. बहीण मात्र मोरीत जाऊन तोंड धुताना रडली, मार खाताना जी रडली नव्हती ती. सोमवारी आम्ही गेलो. शनिवारचा खेळ चालूच राहिला, फक्त मास्तर तिच्या बाकापाशी थांबेना. तिला काही विचारलंच जाईना. तरी ती दहावी झाली, बारावी झाली. आता बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत तिच्या हाताखाली वीसेक माणसं आहेत. कोणी आवाज चढवला तर ती मान वर करून नुसती बघते आणि समोरचा आवाज उतरवतो. आमच्या घरात कोणी धीट म्हटलं की तिचंच नाव निघतं. मीही माझ्या मुलीला तिचीच गोष्ट सांगत आले, की तुझी मावशी डस्टरखाली डोळे मिटायची नाही.

गेल्या वर्षी बोईसर स्टेशनबाहेर आम्ही दोघी चिंचणीच्या रिक्षाची वाट बघत होतो. ऊन उतरलं होतं. समोरून एक म्हातारा आला, हातात औषधांची पिशवी. चष्मा जाड झाला होता, मनगटं काटकुळी. मी आधी मनगटच पाहिलं. त्याने आम्हाला ओळखलं. मी तोंडाने "नमस्कार सर" म्हणाले, सवय जात नाही. त्याला खरंच आनंद झाला असावा. कुठे असता, काय करता, विचारलं. बहिणीने सांगितलं. "वा, वा, नाव काढलंस," तो म्हणाला आणि आशीर्वाद द्यायला त्याने तिच्या डोक्याकडे हात उचलला.

तिचे डोळे गच्च मिटले. मान खांद्यात गेली. कोपर तोंडासमोर आलं आणि पर्स रस्त्यावर पडली.

त्याचा हात हवेत राहिला. तो शब्द आम्हा तिघांनाही येत होता. तो काहीतरी पुटपुटला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीत गेला. मला त्याच्या मागे पळत जावंसं वाटलं. म्हातारा, आजारी, काही असो, मला त्याचं नाक धरायचं होतं.  बहिणीने वाकून पर्स उचलली, धूळ झटकली, रिक्षात बसली. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "अगं, तू..."

तिने माझ्या दंडाला चिमटा काढला, कातडी पिळून, वाडीत काढायची तसा.  चिंचणी येईपर्यंत तिने तो सोडला नाही.