ओल्या धुक्यावरचा अंगठा

टर्पेंटाइनचा वास आला की मला कराडचं ते प्रदर्शन आठवतं आणि तोंड कडू होतं. पाटणकडची ऑक्टोबरातली सकाळ मी तैलरंगात रंगवली होती. पिवळं पडू लागलेलं गवत, कोयनेचं संथ पाणी आणि त्यावर रेंगाळणारं धुकं. ते धुकं साधायला मला महिना लागला होता, आणि त्याचा शेवटचा हात अजून ओला होता. उद्घाटनाला आलेले पुढारी गालात तंबाखू धरून चित्रासमोर थांबले. "लय धुकं घातलंयस गड्या, ह्यात दिसतंय काय?" असं म्हणत त्यांनी धुक्यावर अंगठा टेकवला. "आवं, ओलं हाय अजून," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी तो खाली नदीपर्यंत ओढलाही होता. मग रंगानं बरबटलेला अंगठा त्यांनी सावकाश माझ्याच सदऱ्याच्या खांद्याला पुसला. सगळे हसले. मीही हसलो, तेही हात जोडून. ते पुढं गेल्यावर माझे चित्रकलेचे म्हातारे सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्यांचं सोड. तू कशाला हसलास रं?" चित्र मी आठवड्यात दुरुस्त केलं, ते विकलंही गेलं. त्या पुढाऱ्याचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. किळस येते ती माझ्या हसण्याची.