दिनेशचं तळं आज झाकलं

मंडळी, मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात मोबाइलवर लिहिते. चुका तिच्या.

माझा दिनेश कॅनडात होता. घरामागे पोहायचं तळं बांधलं होतं त्याने. मी चिडवायची, "गिरणाकाठचा तू, आणि अंगणातल्या हौदात डुंबतोस?" यंदा उन्हाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं. मला तिकडे जाता आलं नाही.

आज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, सुनेचा व्हिडिओ कॉल आला. थंडीआधी तळं बंद करायचं होतं, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. दरवर्षी हे काम दिनेशच करायचा.

"बठ्ठं पानी काढी टाक, सोपं शे," मी शहाणपणा केला.

"नाही आई, रिकामं केलं तर बाहेरची माती भिंती आत ढकलते. थोडंच उतरवायचं."

हवा मारून तिने पाइप कोरडे केले. मग ताडपत्री धरून नुसती उभी राहिली. "आई, नाही जमत. त्यांच्यावर चादर ओढली तेव्हाही मीच होते."

मी म्हटलं, "आधी मला पाणी दाखव."

निळंशार होतं. डोळे भरून बघितलं. "आता ओढ."

तिने ओढली. मी ओरडले, "नीट वढ व माय, तठला कोपरा उघडा शे!" तिने कोपरा दाबून बसवला. मग दोघी रडलो.

नात विचारते, "आजी, बरं वाटलं का?" बरं कसलं, बाई! आपलं माणूस परमुलखात गेलं, तर तुम्ही पांघरूण कशावर घालता, सांगा तरी.